जाळं कुणासाठी? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, आपत्तीत मदतीला जाणाऱ्या मानसिक आरोग्यवाल्यांचं जाळं बांधायला हवं, असं मी म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया लागली मनाला, म्हणून उत्तराला चार दिवस घेतले. तुम्ही लिहिलंत की २०१९ च्या महापुरात तुमच्या शाळेत छावणी होती. आठवड्यात समुपदेशनाचे पाच गट येऊन गेले, सगळ्यांनी त्याच बायकांना तेच प्रश्न विचारले, फोटो काढले आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही. "आता तुम्ही मानसिक आरोग्यवाल्यांचं जाळं बांधा म्हणता. ते लोकांसाठी की तुमच्यासाठी?"

त्या पाच गटांबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. डोळ्यांदेखत घर बुडालेल्या बाईला पहिल्याच भेटीत "काय काय झालं ते सांगा" म्हणून उकरत बसू नये. एका बैठकीत सगळं ओकून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही असं करू नका म्हणून सांगितलंय. बहुतेक माणसं आपल्या माणसांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, भजनाला बसून, गाळ उपसता उपसता सावरतात. त्यांना आमची गरज नसते.

पण तुमच्याकडे पाच गट आले ते जाळं नव्हतं म्हणूनच. कोण कुठे गेलंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच ऑगस्टमध्ये मी सांगलीत एका छावणीत होते. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिसऱ्या रात्री पन्नाशीचे एक गृहस्थ सतरंजीवरून सारखे उठत होते. हात थरथरत होते, सदरा घामाने चिंब. भिंतीवरचे किडे झटकायचे (भिंतीवर काही नव्हतं) आणि म्हशीचं दावं सोडायला निघायचे. म्हैस वाहून गेली होती, म्हणून सगळे म्हणाले, धक्का बसलाय. दोन गट त्यांना धीर देऊन गेले होते. मी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "रोज लागते हो त्यांना."

म्हणजे दुःख होतंच, पण हा त्रास दारू अचानक तुटल्याचा होता. रोज पिणाऱ्याची बंद झाली की दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. त्यांना समजूत नको होती, दवाखाना हवा होता. पण मनोविकारतज्ज्ञ कोण, पाण्याच्या अलीकडे कोण आहे, बोट कुणाकडे मागायची, कुठल्या रुग्णालयात खाट आहे? हे शोधण्यात पाच तास गेले. ते गृहस्थ वाचले, पण ते पाच तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी जाळं म्हणते ते या पाच तासांसाठी.

तशाच गोळ्या. फिटच्या, स्किझोफ्रेनियाच्या. कपाटासकट वाहून गेल्या की आठवड्याभरात माणूस पुन्हा आजारी पडू शकतो, आणि लाजेने घरचे बोलत नाहीत. आशाताईंना मात्र कुणाच्या घरी कोणती गोळी चालू आहे हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. तेव्हा जाळ्याची पहिली गाठ तिथे पडायला हवी, आमच्यासारख्या शहरातल्यांकडे नंतर. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, आणि तो छावणीच्या भिंतीवर लागलाच पाहिजे. पण फोनवरच्या माणसाला तुमच्या गावची कोणती गल्ली कोरडी आहे हे कळणार नाही.

पुन्हा न फिरकण्याबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलं पुण्याला आणून शिकवली. त्याला वर्षं लागली. आम्ही पाणी ओसरेपर्यंतही थांबत नाही. म्हणून जाळ्यात येणाऱ्यांची नावनोंदणी करतानाच, सहा महिन्यांनी परत येणार का, हे लिहून घ्यायचं, असं मी धरलंय.

मान्सूनपूर्व बैठकीआधी एका तालुक्याचा असा कागद करायचा आहे: डॉक्टर, आशाताई, औषधाचं दुकान, बोटवाले, आणि छावणीत कुणाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही ते नाव. शाळेत ते नाव तुमचंच असेल का, ताई?