'त्रास नसेल तर दुर्बीण नको' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री ताईचा फोन आला. "गुरुवारची स्कोपी रद्द केली रे," म्हणाली, आणि आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता. क्रोन्समुळे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणि व्रण येणाऱ्या जुनाट आजारामुळे, तिच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग कापून काढावा लागला, त्याला आता सहा महिने होतील. स्कोपी म्हणजे कोलोनोस्कोपी, गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून आतडं आतून बघायचं. ऑपरेशननंतरची ही पहिलीच. रद्द का केली विचारलं, तर तिने एक मेसेज पाठवला. काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का. त्याच आठवड्यात तो मला आणखी दोन जणांकडून आला.

मेसेजचं म्हणणं असं: आतड्याला सूज असणाऱ्यांनी कोलोनोस्कोपी करूच नये. नळीने आतडं फाटतं. तपासायला आतड्याचा तुकडा काढला की आजार पसरतो आणि कॅन्सर होतो. पोट साफ करायच्या औषधाने चांगले जंतू कायमचे मरतात. त्रास नसेल तर आत बघायची गरजच नाही. विष्ठेच्या एका तपासणीत सगळं कळतं, फारच वाटलं तर कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळावी. आणि दुर्बिणीने बरं काहीच होत नाही, हा नुसता धंदा आहे.

मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं ताईबरोबर स्कोपीच्या खोलीबाहेर बसलोय आणि तिचे सगळे रिपोर्ट शब्द अडला की विचारत वाचलेत. त्यामुळे हे वाचून संताप आला, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

'त्रास नसेल तर गरज नाही' हा मुद्दा आधी घेतो, कारण ताईने तारीख सोडली ती याच वाक्यामुळे. तिला खरंच बरं वाटतंय. वजन वाढलंय, जेवण जातंय, पोटात कळा येत नाहीत.

पण आतड्याचं अस्तर त्वचेसारखं नसतं. ते चिमटलं, कापलं, त्यावर व्रण पडले, तरी बहुतेक वेळा दुखत नाही. आतडं ताणलं गेलं, तुंबलं की दुखतं. क्रोन्समध्ये व्रण आधी पडतात, मग सूज भिंतीत खोल जाते, मग जागा आखडते आणि अन्न अडायला लागतं. पोटात कळ येते ती बऱ्याचदा या शेवटच्या पायरीवर. म्हणजे दुखण्याची वाट बघत बसायचं, तर आतडं अरुंद होण्याचीच वाट बघायची.

हे माझं मत नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या पॉल रुटगेर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांची दुर्बिणीने तपासणी केली, आणि १९९० साली ते निष्कर्ष छापून आले. ऑपरेशननंतर एका वर्षाच्या आत ७३ टक्के रुग्णांच्या आतड्यात, कापून जोडलेल्या जागेच्या लगेच वर, पुन्हा व्रण दिसले. त्रास होत होता फक्त २० टक्क्यांना. काका, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ज्यांना 'मला काही होत नाही' असं वाटत होतं, त्यातल्या बहुतेकांना आत काहीतरी होत होतं. शिवाय पहिल्या तपासणीत व्रण जितके जास्त आणि मोठे, तितका त्रास लवकर परतला. त्यावरूनच 'आय-शून्य' ते 'आय-चार' ही मोजपट्टी तयार झाली. आय-शून्य म्हणजे अस्तर स्वच्छ, आय-एक म्हणजे पाचपर्यंत बारीक व्रण, आय-चार म्हणजे मोठे व्रण, गाठी, आखडलेली जागा. ती आजही रुटगेर्ट्सच्या नावाने वापरतात, आणि गुरुवारी ताईच्या रिपोर्टवर यातलाच एक आकडा येणार होता.

बघून पुढे काय, असं ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १७४ रुग्णांवरचा हा अभ्यास. एका गटाची सहाव्या महिन्यात कोलोनोस्कोपी केली आणि व्रण दिसले त्यांचं औषध वाढवलं, दुसऱ्या गटाची स्कोपी केली नाही. दीड वर्षाने सगळ्यांना तपासलं, तेव्हा आजार परतलेला होता पहिल्या गटात ४९ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ६७ टक्क्यांना. ४९ हा आकडाही सुखाचा नाही, मला कळतं. पण ताईला दिलेली सहाव्या महिन्याची तारीख काही कुणी मनाने काढलेली नव्हती, एवढं तरी यातून काकांना कळावं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येणारा आजार असलेल्यांसाठी या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे कॅन्सर. सूज मोठ्या आतड्यात बरीच वर्षं राहिली की तिथे कॅन्सरचा धोका वाढतो. तो किती, यावर आकडे बदलत गेलेत, अलीकडचे आधीपेक्षा कमी आहेत, आणि आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर ही काळजी फारशी नाही. पण बाकीच्यांनी लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी देखरेखीची स्कोपी सुरू करायची असते. सोबत पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल तर निदान झाल्यापासून, तीही दरवर्षी. कॅन्सरच्या आधी अस्तरात होणारे बदल पुष्कळदा सपाट असतात, भोवतालच्या अस्तरात मिसळून जातात. म्हणून काही वेळा अस्तरावर निळा रंग फवारून बघतात, कडा उठून दिसतात. अशा डागाला दुखणं नसतं, रक्त नसतं, काहीच नसतं. आणि मेसेज सांगतो, त्रास होईपर्यंत थांबा.

आता आतडं फाटण्याबद्दल. धोका आहे, नाही म्हणत नाही. फक्त बघण्यासाठी केलेल्या कोलोनोस्कोपीत आतड्याला भोक पडण्याचं प्रमाण साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी आहे. सूज तीव्र असेल, स्टिरॉइड चालू असतील, तर ते वाढतं. पण मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नाही, की डॉक्टर हे धरूनच चालतात. कोलायटिस एकदम भडकून रुग्ण दाखल झाला, तर पूर्ण कोलोनोस्कोपी टाळतात. पोट साफ करायचं औषध न देता फक्त खालचा थोडा भाग, कमीत कमी हवा भरून बघतात आणि तिथूनच तुकडा घेतात, कारण सीएमव्ही नावाच्या विषाणूने आजार चिघळवलाय का हे त्या तुकड्यावरून कळतं. तो निघाला तर उपचारच बदलतो.

तुकड्याने आजार पसरतो, कॅन्सर होतो, हे तर धादांत खोटं आहे. चिमट्यात येतो तो दोन-तीन मिलिमीटरचा, वरच्या अस्तराचा कण. ती जागा काही दिवसांत भरून येते. उलट तुकडा न घेतल्याने काय होतं ते सांगतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसू शकतात, की अनुभवी डॉक्टरही नुसतं बघून खात्रीने सांगत नाहीत. आडवे व्रण आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप सताड उघडी राहिलेली दिसली तर क्षयाकडे कल जातो. लांबट उभे व्रण, मध्येमध्ये निरोगी अस्तर, असं असलं तर क्रोन्सकडे. पण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि क्षयाच्या तपासण्या लागतातच. क्रोन्स समजून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं दिली आणि आजार निघाला क्षय, तर तो अंगभर पसरू शकतो. 'तुकडा काढू देऊ नका' हे वाक्य पुढे पाठवणाऱ्याने याचा क्षणभर तरी विचार केला होता का?

पोट साफ करायच्या औषधाने मरणाऱ्या जंतूंबद्दल थोडक्यात: कमी होतात, काही आठवड्यांत परत येतात. औषध पिणं मात्र नकोसं असतं, हे ताईला बघून मला माहीत आहे. निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं सकाळी घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. डॉक्टरांना विचारण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: या औषधात फॉस्फेट आहे का? फॉस्फेट असलेल्या औषधाने अस्तरावर क्रोन्ससारखे दिसणारे बारीक व्रण पडू शकतात आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. पोट फुगून उलट्या होत असतील तर औषध प्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

विष्ठेची तपासणी, म्हणजे कॅलप्रोटेक्टिन. इथे मला थोडं मागे यावं लागतं, कारण ती चांगली तपासणी आहे. पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन सूज असली की विष्ठेत वाढतं. कोलायटिसच्या रुग्णाला लक्षणं नाहीत आणि कॅलप्रोटेक्टिन ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमच्या खाली आहे, तर केवळ सूज बघण्यासाठी स्कोपी करायची गरज नाही, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय. इतपत मेसेज बरोबर आहे. पण हा आकडा आजार कुठे आहे ते सांगत नाही. जागा आखडलीय का, सपाट डाग आहे का, तेही सांगत नाही. आजार फक्त लहान आतड्यात असेल तर तो फसवू शकतो, आणि साध्या जंतुसंसर्गाने किंवा दुखण्याच्या गोळ्यांनीही वाढतो.

कॅप्सूलचा सल्ला तर धोक्याचा आहे. क्रोन्समध्ये आतडं आखडलेलं असलं तर कॅप्सूल तिथे अडकून बसते, आणि कधी ती काढायला ऑपरेशन करावं लागतं. म्हणून अशी शंका असेल तर आधी विरघळणारी नकली कॅप्सूल देऊन वाट मोकळी आहे का बघतात, किंवा एमआरआय करतात. कॅप्सूलने तुकडाही घेता येत नाही. लहान आतडं बघायला ती उत्तम आहे, पण 'फारच वाटलं तर गिळा' अशी ती वस्तू नव्हे.

'दुर्बिणीने बरं काहीच होत नाही' याला उत्तर आहे फुगा. आखडलेला भाग चार-पाच सेंटिमीटरपर्यंतचा असेल, तिथे गळू किंवा भगंदर नसेल, तर दुर्बिणीतूनच फुगा नेऊन तो हळूहळू रुंद करतात. अशा १४६३ रुग्णांची माहिती २०१७ मध्ये एकत्र मांडली गेली. सुमारे ८९ टक्के वेळा फुगा काम करून गेला, मोठी गुंतागुंत झाली ती ३ टक्क्यांहून कमी वेळा. हेही सांगायला हवं, की दोन वर्षांत जवळपास तीन-चतुर्थांश जणांना पुन्हा फुगवावं लागलं आणि सुमारे ४३ टक्क्यांचं ऑपरेशन झालंच. तरी ज्याचं आतडं आधीच एकदा कापलंय, त्याला दोन वर्षं पुढे ढकललेलं ऑपरेशन किती मोलाचं असतं, हे ताईला विचारा.

राहिला धंदा. विनाकारण स्कोपी होतात, हे मी नाकारणार नाही. आम्हालाही एकदा चार महिन्यांत दुसरी करायला सांगितली होती आणि कारण विचारल्यावर ते नीट देता आलं नव्हतं. ती आम्ही केली नाही. प्रत्येक वेळी एवढंच विचारायचं: यात काय दिसलं तर औषध बदलणार? गुरुवारच्या तपासणीबाबत हाच प्रश्न ताईने विचारला होता, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आय-दोन किंवा त्याच्या वर निघालं तर औषध वाढवायचं, नाहीतर आहे तेच ठेवायचं.

काल तासभर बोललो आम्ही. सकाळी तिनेच फोन करून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. ऑपरेशनचा कागद, जुने रिपोर्ट आणि तिच्या गोळ्यांची यादी मी एका पिशवीत भरून ठेवलीय. काका, हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकतोय. तो मेसेज तुम्ही जिथे जिथे पाठवलात, तिथेही हे पाठवा.