चवड्याचे चोचले

टाच दुखते म्हटलं की लोक ‘हाड वाढलंय’ म्हणून मोकळे होतात. गुडघा दुखतो म्हटलं की आपल्या वयाकडे बघतात. चवडा दुखतो म्हटलं तर मात्र आधी ‘म्हणजे नक्की कुठे?’ असं विचारतात आणि मग काशाच्या वाटीने तूप चोळायला सांगतात. वाटीबद्दल माझी तक्रार नाही, झोप छान लागते. पण हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याच्या चवड्याखाली जे चाललेलं असतं, ते तुपाच्या आवाक्यातलं नाही.

हे दुखणं ओळखायला सोपं. पळणारा माणूस मध्येच डिव्हायडरवर टेकतो, बूट काढतो, उलटा करून झटकतो, आत हात घालून चाचपतो. खडा निघत नाही. मोज्याला घडीही नसते. बूट घालून चार पावलं टाकली की खडा पुन्हा हजर! पळताना प्रत्येक पावलावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो आणि टाच उचलली की तो चवड्यातल्या पाच हाडांच्या टोकांवर जातो. अंगठ्यामागचं हाड जाडजूड, भार पेलायला त्याचीच नेमणूक आहे. ते जरा कामचुकार निघालं की शेजारचं दुसरं, लांब आणि बारीक हाड राबतं. ते मुळाशी पाचरीसारखं घट्ट बसलेलं असल्याने त्याला अंग चोरताही येत नाही.

मग ऑर्थोटिक येतं, म्हणजे पायाला आधार द्यायला बुटात घालायचा खास तळवा. बुटाएवढ्या किमतीचा तो तळवा हातात आला की वाटतं, झालं काम. पण चवड्याच्या दुखण्यात खरी करामत असते त्यावरच्या थेंबाच्या आकाराच्या छोट्या उंचवट्याची, म्हणजे मेटाटार्सल पॅडची. आणि दहातले नऊ जण तो नेमका दुखतं तिथेच चिकटवतात. पॅड दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला हवा. हाडांच्या दांड्या मागून उचलल्या गेल्या तर टोकांवरचा भार हलका होतो. टोकांखालीच पॅड ठेवणं म्हणजे नसलेला खडा पैसे देऊन विकत घेणं.

जागा शोधायला घरातली एखादी जुनी लिपस्टिक मागून घ्या (कशाला हवी ते आधीच सांगा). चवडा अंगठ्याने दाबत जा, सगळ्यात जास्त कळ येते तिथे ठिपका द्या. मोजा न घालता पाय अलगद ऑर्थोटिक असलेल्या बुटात सरकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा, चालू नका. पाय काढलात की ठिपका ऑर्थोटिकवर उमटलेला दिसेल. पॅडची पुढची कड त्याच्या 5 ते 10 मिमी मागे ठेवा. लगेच डिंक लावू नका, दोन दिवस कागदी चिकटपट्टीवर चालवा. मागे हलका उंचवटा जाणवून कळ कमी झाली तर जागा बरोबर. खडा मोठा झाल्यासारखा वाटला तर पॅड 2-3 मिमी मागे घ्या. दोन्ही पायांचं माप एकच असेल असं धरून चालू नका.

ऑर्थोटिक घालण्याआधी बुटातला मूळ तळवा काढून टाका. ‘राहू दे, आणखी मऊ’ असं म्हणून दोन्ही ठेवले की टाच वर येऊन निसटते आणि बोटं छताला लागतात. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ऑर्थोटिक बरोबर न्या आणि ते घालूनच बूट चढवून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी आणि पुढचा भाग रुंद हवा. लेस बोटांकडच्या पहिल्या भोकांच्या जोडीतून ओवूच नका. चवड्याला श्वास मिळतो, तोही फुकट.

पहिल्या दिवशी तासभर चालणं, मग रोज तासाची भर. आठवडाभर पळणं नाही. त्यानंतर 2-3 किमी सावकाश, आणि रविवारची लांब धाव सगळ्यात शेवटी. तळव्याच्या कमानीत किंवा गुडघ्यात नवी कुरकुर सुरू झाली तर एक पायरी खाली या.

आता आपल्या घरांची खास अडचण. ऑर्थोटिक बुटात, बूट दाराबाहेर आणि आपण दिवसभर शहाबादी फरशीवर अनवाणी! घरात घालायला जाड, मऊ सपाता घ्या. देवघरापुरती सूट.

पावसाळ्यात आणखी एक गंमत. ओल्या बुटात पॅडचा डिंक सुटतो आणि पॅड पळता पळता पुढे सरकून नको त्याच जागी जाऊन बसतो. म्हणून पॅडभोवती पक्क्या शाईने रेघ मारून ठेवा. घरी आलात की तळवा काढून पंख्याखाली वाळवा, बुटात वर्तमानपत्र कोंबा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलात तर तळव्याचा आकारच बिघडेल.

पोटऱ्या आखडलेल्या असतील तर टाच लवकर उचलली जाते आणि चवड्याची पाळी लांबते. भिंतीला हात टेकून गुडघा सरळ ठेवून 30 सेकंद, मग गुडघा वाकवून 30 सेकंद, असं तीनदा. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारखी चढण पळणाऱ्यांनी हे टाळूच नये. चढावर टाच जमिनीला जेमतेम भेटते.

तिसऱ्या-चौथ्या बोटांत मुंग्या येत असतील तर नस चिमटत असण्याचा संभव आहे. तिथे पॅडइतकाच रुंद बूट कामाला येतो. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हे घरगुती प्रयोग करूच नका. आणि पावलाच्या वरच्या बाजूने एकाच हाडावर बोट ठेवताच जीव कळवळत असेल, सूज असेल, रात्रीही ठणकत असेल, तर ऑर्थोटिक बाजूला ठेवून हाडांचे डॉक्टर गाठा. हाडाला बारीक तडा असू शकतो. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैनिकांचे कवायत करून सुजलेले असे पाय 1855 मध्येच नोंदले गेले आहेत. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा तो दाखवून ग्रुपवर विजय जाहीर करू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणं बंद. रविवारी पहाटे उठायची सवय मोडवत नसेल तर पाण्याच्या टेबलाशी उभे राहून इतरांच्या पावलांवर टीका करा.