‘पहिल्याच धडकेत पुढचा भाग चेपला, माल हलका’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, आम्ही बनवून दिलेल्या छोट्या पाणबुडीचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात ते ठीक आहे, पण "जाड पत्रा सांगितला होता, उद्यमनगरात पातळ पाइप लावून फसवलं, खाणीतल्या पाण्यात कपारीला जरा लागली आणि चेपली" हे वाचून बाकीच्यांचा गैरसमज नको म्हणून इथंच लिहितोय.

चेपलाय तो पुढचा पाइपचा बंपर आहे ओ. तो चेपावा म्हणूनच तसा केलाय. तुम्ही ज्यात बसता ती मेन टाकी 8 एमएमची आहे, आतून रिंगा मारल्यात, आणि तुम्ही पाणबुडी परत आणली तेव्हा तुमच्यासमोरच टाकीला गोलाईचा फर्मा (साचा) लावून मागून टॉर्च धरला होता, कुठं फटीतून उजेड आला का सांगा. गोलाई हीच तिची ताकद. दहा मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटीमीटरला एक किलो प्रेशर वाढतं म्हणजे एका चौरस फुटावर जवळजवळ 930 किलो, आणि टाकीला नुसता पोचा पडला असला तरी ती तिथूनच आत बसायला सुरुवात होते, मग पत्रा जाड होता म्हणून सांगायचं कुणाला?

2005 मध्ये अमेरिकेची सॅन फ्रान्सिस्को पाणबुडी समुद्राखालच्या डोंगराला फुल स्पीडमध्ये आदळली. एक खलाशी गेला बिचारा, पुढचं सोनार (आवाजावरून पाण्यातलं शोधणारं यंत्र), बॅलास्ट टाक्या (वर-खाली जायला पाणी भरतात त्या) सगळ्याचा चुराडा झाला, पण माणसं बसतात तो हल, म्हणजे आपल्या मेन टाकीसारखा भाग, शाबूत राहिला म्हणून ती वर आली. नौदलाचं हे, मग आपलं काय!

आणि स्पीडचं डिलिव्हरीच्या वेळीच बोललो होतो. स्पीड डबल केला की धडक चौपट बसते, बंपर सोसून सोसून किती सोसणार.

आता तुमचं म्हणणं की नवा बंपर जाड चॅनेलचा करून डायरेक्ट टाकीला वेल्ड मारा. ते आमच्याकडं होणार नाही, दुप्पट पैसे दिले तरी नाही, कारण पुढची धडक सरळ त्या वेल्डवर म्हणजे टाकीवर जाणार. बोल्टवर बसणारा तसलाच पाइप नवा करून देतो, फक्त मटेरियलचे पैसे द्या, मजुरी नको. तोवर पाण्यात घालू नका आणि पुढच्या ॲक्रिलिकच्या खिडकीच्या कडेला केसासारखी चीर दिसते का बघून फोटो पाठवा, असली तर ती खिडकीपण बदलावी लागेल आणि तिचे पैसे वेगळे पडतील, आत्ताच सांगून ठेवतो.