शॉन एडवर्ड्सला त्याचं श्रेय कधी देणार?

सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची रग्बी स्पर्धा, लागली की आपल्याकडचे जे मोजके रग्बीवाले आहेत ते पण हेड कोचचंच नाव घेतात. माझं स्पष्ट मत सांगतो, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत युरोपातल्या रग्बीवर ज्याचा सगळ्यात मोठा ठसा आहे तो माणूस कुठल्याच देशाचा हेड कोच झाला नाही, तो डिफेन्स कोच आहे आणि रग्बीच्या दोन प्रकारांपैकी, म्हणजे 15 जणांच्या युनियन (सिक्स नेशन्स यातलीच) आणि 13 जणांच्या लीगपैकी, तो मुळात युनियनवाला नाहीच, पक्का रग्बी लीगवाला, इंग्लंडमधल्या विगन क्लबचा.

शाळेत असताना शॉन एडवर्ड्स इंग्लंड स्कूलबॉइजचा दोन्ही प्रकारांत कॅप्टन होता. 1983 मध्ये सतराव्या वाढदिवशी विगनने त्याला 35 हजार पौंडांना साइन केलं, शाळकरी पोरासाठी तेव्हा हा रेकॉर्ड होता, आणि त्या सहीबरोबर युनियनचा दरवाजा बंद झाला कारण 1995 पर्यंत युनियन अमॅच्युअर होतं आणि लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्याला तिथे उभंच करायचे नाहीत. मग काय, विगनने 1988 ते 1995 सलग आठ चॅलेंज कप (लीगची नॉकआउट स्पर्धा) जिंकले, आठही फायनलमध्ये हा होता.

त्यातली 1990 ची वेम्बलीची फायनल. समोर वॉरिंग्टन, मॅच जेमतेम सुरू झालेली आणि याच्या गालाचं हाड आणि डोळ्याची खोबण फ्रॅक्चर. एक डोळा सुजून बंद होत चाललेला, आणि हा स्टँड-ऑफ, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांपैकी एक! बाहेर नाही गेला, शेवटपर्यंत खेळला, विगन 36-14 ने जिंकलं.

2000 मध्ये रिटायर झाला आणि 2001 मध्ये कोच म्हणून कुठे गेला तर इंग्लंडच्या वॉस्प्सकडे, युनियन क्लबमध्ये! आता लीगवाल्याने तिथे नेमकं काय नेलं? लीगमध्ये 13 जण असतात, बॉल असलेल्या टीमला सहा टॅकल (बॉलवाल्याला पकडून पाडणं) होईपर्यंत खेळायला मिळतं, आणि प्रत्येक टॅकलनंतर डिफेन्सने 10 मीटर मागे पळायचं, रांग लावायची, परत एकत्र पुढे यायचं, पूर्ण 80 मिनिटं हेच. तिथे घडलेल्या माणसाला डिफेन्स म्हणजे नुसतं अडवणं वाटत नाही, तो बॉल येण्याआधी समोरच्याच्या अंगावर जातो. कबड्डीत साखळी धरून सगळे एकदम पुढे येतात ना, तसंच, एक जण जरी मागे राहिला तरी रेडर सुटलाच.

वॉस्प्सने इंग्लंडच्या क्लबांची प्रीमियरशिप चार वेळा आणि युरोपातल्या क्लबांचा हायनेकन कप दोन वेळा जिंकला. मग वेल्सची नॅशनल टीम. 2007 च्या वर्ल्ड कपमध्ये फिजीकडून हरून घरी गेलेली हीच टीम, हा आल्यावर 2008 मध्ये ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्समधल्या पाचही मॅच जिंकल्या, आणि त्या पाच मॅचमध्ये फक्त दोन ट्राय (रेषेपलीकडे बॉल टेकवून केलेला स्कोअर) दिल्या! खेळाडू बरेचसे तेच होते हो. पुढे 2012, 2019 ला परत ग्रँड स्लॅम, नंतर फ्रान्समध्ये जाऊन 2022 चा ग्रँड स्लॅम, आणि तिथे पत्रकारांशी फ्रेंचमध्ये बोलतो. विगनचं हेड कोचपद घेणार असं 2018 मध्ये जाहीर झालं होतं, ते पुढे झालं नाही, आणि लीगचा चाहता म्हणून मला ते आजही लागतं.

पटत नसेल तर 2019 ची कार्डिफची वेल्स-आयर्लंड मॅच बघा. स्टेडियमचं छप्पर उघडं, धो धो पाऊस, वेल्स 25-7 ने जिंकलं, आणि आयर्लंडच्या त्या 7 मधला एकही पॉइंट 80 मिनिटं पूर्ण होईपर्यंत आलेला नाही. बॉल सोडा, वेल्सच्या लाल जर्सीची रांग बघा फक्त, आणि मग सांगा ही टीम कोणी बांधली.