लक्ष, वाती आणि तीन शिट्ट्या

शाळेच्या ओपन हाऊसला लेकीच्या बाईंनी "हुशार आहे हो, पण लक्ष नाही" असं म्हटलं तेव्हा मी नेमका ऑफिसच्या ग्रुपवर अंगठा टाकत होतो. बाई बोलायच्या थांबल्या. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी मान वर केली आणि "हो हो, पाठवतो लगेच" म्हणालो.

परत येताना रिक्षात पाचवीतल्या आमच्या कन्येने अगदी सहज विचारलं, "बाबा, माझं लक्ष तुझ्यावर गेलंय का?" जसं नाक कुणावर गेलंय विचारतात ना, तसं. रिक्षावाला आरशातून हसला.

तर ठरलं असं, की दोघांनी रोज 10 मिनिटं एकच काम करायचं. तिने पाढे किंवा चित्र, मी माझं काहीही, पण एकच. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुली. पंच अर्थातच ती. मला वाटलं 10 मिनिटं म्हणजे काय, लिफ्ट बिघडली तर वॉचमनशी बोलण्यात त्याहून जास्त जातात.

पहिल्या दिवशी मोबाईलवर टायमर लावला. इथेच माती खाल्ली. टायमर लावायला फोन हातात घेतला तर पार्सल निघाल्याचा मेसेज आलेला, पार्सल कसलं ते आठवेना म्हणून ऑर्डर बघितली, ते निघालं मोबाईलचं कव्हर, आणि मग सहज "एकाग्रता कशी वाढवावी" शोधलं. टायमर वाजला तेव्हा मी पोमोडोरोबद्दल वाचत होतो, आणि एकाग्रतेबद्दल अतिशय एकाग्रतेने वाचत होतो हे पंचांना काही केल्या पटेना. फुली.

हे पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाचा एक कॉलेजातला मुलगा, 1980 च्या दशकाच्या शेवटी, अभ्यासात मन लागेना म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमरवालं घड्याळ घेतलं आणि त्यावर अभ्यास सुरू केला. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी, हे गणित तिथून आलं. पंचवीस! आम्ही इथे दहाला रडतोय. दुसऱ्या दिवशी मी तसलं घड्याळ ऑनलाइन शोधायला बसलो, लाल घ्यावं की लिंबाच्या आकाराचं हिरवं घ्यावं यावर विचार झाला, आणि दुसरी फुली.

बायको म्हणाली, "घड्याळ कशाला विकत आणतोस? कुकर आहे की. खिचडी लावलीये, तीन शिट्ट्या होईपर्यंत बस कामाला आणि तिसरी झाली की गॅस बंद कर." आणि ती खाली गेली. यात माझी साधना किती आणि तिचं काम किती, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

कुकर हे लक्ष लावण्याचं साधन नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. एक तर शिट्टी म्हणजे काय हेच नक्की नसतं. ते सुरुवातीला जे फुस्स करून गप्प बसतं ते धरायचं का? आमची डोंबिवलीतली बिल्डिंग, डक्टमधून चारही मजल्यांचे कुकर ऐकू येतात, त्यामुळे आत्ता झाली ती आपली की वरच्या काकूंची? समोर लॅपटॉप उघडा, पण डोक्यात नुसतं "दोन झाल्या, दोन झाल्या". ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली लिहून ठेवलंय, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं. त्यांना म्हणे हे हॉटेलातल्या वेटरांवरून सुचलं, पैसे चुकते होईपर्यंत त्यांना ऑर्डर पाठ असायची. आमच्याकडे आल्या असत्या तर गॅसपाशीच सुचलं असतं.

पण एक दिवस, खोटं नाही सांगत, लागलं. म्हणजे लक्ष लागलं. वीस तारीख तोंडावर, जीएसटीचं 3बी म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचं, एका पार्टीचं परचेस रजिस्टर पोर्टलवरच्या 2बीशी, म्हणजे तिथे दिसणाऱ्या खरेदीच्या बिलांच्या यादीशी, जुळेना, फरक 1,840 रुपयांचा. मी एकेक बिल खाली उतरत गेलो, ना फोन, ना पाणी, ना खाज, आणि शेवटी सापडलं की एकाच बिलाची एंट्री ऑपरेटरने दोनदा मारली होती, एकदा डॅश टाकून, एकदा न टाकता. काय आनंद झाला सांगू! अशा वेळी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यावासा वाटतो. तो घेतला, आणि वास आला.

"किती झाल्या?" मी ओरडलो.

"अकरा," कन्या वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"अगं मग सांगायचं नाही का!"

"मधे बोलायचं नाही असं तूच म्हणालास." तिचा सतराचा पाढाही पाठ झाला होता. बाईंना भेटून सांगायला हवं, लक्ष व्यवस्थित आहे, फक्त ते कुकरच्या विषयात आहे.

त्या दिवशी कॅलेंडरवर फुली नव्हती. बायकोच्या चेहऱ्यावर होती. तळाचा काळा थर सोडून उरलेली खिचडी आम्ही खाल्ली, मी जरा जास्तच कौतुकाने.

मग स्वयंपाकघर मला बंद झालं आणि मी श्वासाकडे वळलो. सोपं असतं, श्वास मोजायचे, एक ते दहा, मन भटकलं की परत एकपासून. मी चारच्या पुढे जायचो नाही. चारला हटकून सोसायटीचा मेंटेनन्स आठवायचा. एकदा मात्र बऱ्याच वेळाने भानावर आलो तर बाविसावा श्वास चालू होता. दहा कधी येऊन गेला कुणास ठाऊक, विरारची लोकल पकडून डुलकी लागावी आणि बोरिवली गेल्यावर जाग यावी तसं.

आई हे सगळं सोफ्यावरून बघत होती. तिचा गीतेचा ऑनलाइन क्लास असतो, त्यामुळे ती म्हणाली, "अरे, सहाव्या अध्यायात अर्जुनाने हीच तक्रार केलीये. मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही म्हणतो." मला बरं वाटलं. साक्षात श्रीकृष्ण समोर बसलेला असताना याचं मन वाऱ्यावर, माझ्यासमोर तर नुसता लॅपटॉप. "मग कृष्ण काय म्हणाला?" "अभ्यास आणि वैराग्य." म्हणजे आलं परत रोजच्या दहा मिनिटांवर. वैराग्याचं नंतर बघू, मोबाईलचं कव्हर कालच आलंय.

आईचा लक्ष वातींचा नेम चालू आहे. मला वाटलं, हेच! नावातच लक्ष आहे. कापसाचा पुंजका घ्यायचा, बोटांना जराशी राख लावायची, शेंडी वळायची, झाली फुलवात. तिच्या शंभर होतात रोज. मी लगेच हिशोब मांडला, एक लाख वाती, रोज शंभर म्हणजे हजार दिवस, म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षं, आणि चातुर्मासातच संपवायच्या तर रोज आठशेच्या वर हव्यात. या गुणाकार-भागाकारात माझी दहा मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी खरंच बसलो. सात झाल्या, त्यातल्या तीन कानात घालायचे बोळे म्हणून खपल्या असत्या. शेजारी आईचे हात मात्र मशीनसारखे.

"आई, एवढं लक्ष कसं गं लागतं तुझं?"

"श्श, थांब जरा," ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "त्या सुनेला कळणारे आता." वाती हातांनी वळल्या जात होत्या, आईचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. मोजल्या कधी विचारलं तर म्हणाली डबा भरला की शंभर.

हे असं महिनाभर चाललं. एक तारखेला सकाळी साडेसहाला दारात आवाज चढले म्हणून उठलो, तर बायको आणि दूधवाला. ती म्हणत होती 13 दिवसांचे पैसे कापलेत, कॅलेंडरवर मांडलंय सगळं, आणि तो बिचारा गळ्याशी हात नेऊन शपथ घेत होता, "ताई, अख्ख्या महिन्यात एक खाडा नाही माझा. पावसात पण आलोय."

कन्या दात घासत घासत बाहेर आली. कॅलेंडर बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि तोंडात फेस ठेवूनच म्हणाली, "ते दुधाचे नाहीत. ते बाबाचे खाडे आहेत."

तेरा लिटरचे पैसे मी दिले. दूधवाल्याने नोटा मोजताना एकदा माझ्याकडे नीट बघून घेतलं. आता माझ्या फुल्या हिरव्या पेनने मारायच्या असं ठरलंय. आज चार तारीख, पेन मी परवाच आणलं, आणि कुठे ठेवलं ते शोधतोय.