सरांना निदान तीन सीझन तरी द्या
आमच्या तालुक्याच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम यंदा पहिल्याच फेरीत बाद झाली, म्हणून नव्या कोच सरांना बदला, असा सूर असलेला एक लेख वाचला. मला तो अजिबात पटला नाही. माझा पुतण्या त्या टीममध्ये आहे, रोज त्याला ग्राउंडवर मीच सोडतो.

सर आले तेव्हा अर्ध्या पोट्ट्यांना डाव्या हातानं ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढं नेणं, येत नव्हतं. उजवा हात पाठीमागे धरायचा अन् सिमेंटच्या कोर्टाला चकरा मारायच्या, दोन महिने हेच चाललं. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी टीम वावरात असते, तर सरांनी सराव पहाटे साडेपाचला नेला. हे स्कोअरबोर्डवर कुठून दिसणार?

लेखात क्रिकेट कोच चंद्रकांत पंडितांचं उदाहरण दिलंय, की आल्याबरोबर २०१७-१८ ला विदर्भाला रणजी जिंकून दिली. त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्यांच्या हाती फैज फजल, वसीम जाफर, उमेश यादव होते. इथं तयार कोण आहे?

बास्केटबॉलचंच बघा. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाची टीम १९८० मध्ये माइक शशेफ्स्कींकडे आली. दुसऱ्या सीझनला १० मॅच जिंकल्या, १७ हरल्या; तिसऱ्याला ११ अन् १७. त्यांना काढा म्हणणारे तिथंही होते. विद्यापीठानं काढलं नाही. पहिलं विजेतेपद आलं १९९१ ला!

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना हात जोडून विनंती, निर्णय घेण्याआधी एकदा पहाटे ग्राउंडवर या. परवा पुतण्याचा डाव्या हाताचा ले-अप (धावत येऊन बास्केटच्या जवळून टाकलेला बॉल) पहिल्यांदा बास्केटमध्ये गेला. सर एवढंच म्हणाले, "हं, परत कर."