माझे दोन वाजले

आज सकाळी डोंबिवलीत शेअर रिक्षात मागे कोपऱ्यात बसलो होतो, तिसरं गिऱ्हाईक येईपर्यंत ड्रायव्हर हलणार नव्हता, आणि शेजारच्या काकांनी विचारलं, "किती वाजले हो?"

साधा प्रश्न. पण माझं घड्याळ अ‍ॅना-डिजी, म्हणजे वर काटे, खाली छोट्या खिडकीत आकडे. मी म्हटलं, "सात एक्केचाळीस."

काकांनी सरळ माझं मनगटच धरलं. "पण काटे तर एकोणचाळीस दाखवतायत!"

आता हे माझंच दुखणं. आत दोघांना चालवणारा क्वार्ट्झचा क्रिस्टल एकच, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा, त्यामुळे काटे नि आकडे आपसूक मागेपुढे व्हायचं काही कारण नाही. पण गेल्या महिन्यात सेल बदलणाऱ्याने दोन्ही वेगवेगळे लावले आणि त्या दोन मिनिटांची तफावत तेव्हापासून इमानेइतबारे टिकून आहे.

"मग तुम्ही कुणाचं ऐकता?" काकांनी विचारलं.

"आकड्यांचं."

"मग काटे कशाला पोसलेत?"

ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "साहेबांनी दोन मीटर लावलेत." तेवढ्यात तिसरं गिऱ्हाईक आलं, बसायच्या आधीच त्यालाही माझं मनगट दाखवण्यात आलं, आणि तो बिचारा म्हणाला, "काट्यांचं धरा, लोकल मिळाल्यासारखी तरी वाटेल."

मी विचारलं, "काका, तुमच्या हातात घड्याळ आहे की!"

"आहे ना. एचएमटी जनता. रोज सकाळी चावी देतो. ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलंय. आज नक्की दहाच आहे का, ते बघायचं होतं." मग थोडा विचार करून म्हणाले, "जाऊदे, मी मधलं धरतो," आणि सात चाळीस धरून त्यांनी स्वतःचं घड्याळ लावलं!! मधलं! भाजी घेतोय का आपण?

बरं, घड्याळाचे फायदे नाहीत असं नाही. अंधारात काट्यांचा रेडियम दिसतो, उन्हात आकडे. बहीण न्यू जर्सीला आहे, तर मध्ये काटे तिकडच्या वेळेला लावले होते, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. आठवडाभर फार ग्लोबल वाटलं, मग आईने काटे बघून भलत्या वेळी बीपीची गोळी घेतली आणि ते प्रकरण मिटलं. तोटे मात्र रोजचे. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे नेमकं ऑफिसातून पळायच्या वेळी, दोन्ही काटे खिडकीवर आडवे येतात नि आकडे गायब. आणि दर तासाला ते 'बिप'. परवा एकांकडे भेटायला गेलो होतो, दहाव्याच्या आधी, सगळे गप्प बसलेले, आणि हे वाजलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मला निघायची घाई झालीय. होती, पण ते घड्याळाने सांगायची गरज नव्हती.

स्टेशनला उतरताना काकांनी खिशातून मोबाईल काढला, बघितला, आणि म्हणाले, "तुमचे आकडे बरोबर होते हो."

म्हणजे मोबाईल होता!! पूर्ण वेळ खिशात होता! मनगट माझं पिरगाळलं, इज्जत माझी गेली, आणि लोकलही माझीच चुकली.

रात्री चिडून टाचणी घेऊन बसलो, सगळी बटणं दाबली. आता काटे तीन मिनिटं पुढे गेलेत, आकडे चोवीस तासांचे झालेत, आणि अलार्म कसा कोण जाणे पहाटे ३:२० ला लागलाय. तो बंद कसा करायचा ते मॅन्युअलमध्ये होतं, आणि मॅन्युअल आम्ही दिवाळीत रद्दीला घातलं.